सुतक दहा दिवसांचं, नोटीस वर्षाची

मला हे लिहायचं नव्हतं. शुभदा गेला महिनाभर रोज खानावळीत येते, सोलकढी पिते आणि जाताना म्हणते, "काका, त्या कॉम्प्युटरच्या दिवसांचे किस्से लिहा ना. आमच्या दिवाळी अंकात हलकंफुलकं काहीतरी हवंय." हलकंफुलकं हवं तर सावरीचा कापूस छाप म्हटलं! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, आणि तिथेही मास्तर मला बाकावर कमी बसवायचे आणि बाकाबाहेर जास्त उभा करायचे. मी काय लिहिणार? पण ती ऐकेना. शेवटी आमची ही म्हणाली, "लिवा एकदा. दिसभर बडबडतास तां कागदार तरी जातला." घरातून हा पाठिंबा!

किस्से काही साठवावे लागत नाहीत. आमच्या परसात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग आहे. तो कुणी मुद्दाम केलेला नाही. पंगत उठली की टोपलीभर शिंपले मागे पडतात, आणि एक दिवस बघावं तर कुंपणाएवढा ढीग! तसंच हे.

आधी एक गोष्ट ठासून सांगतो. शिरोड्याला माझी खानावळ आहे आणि वर राहायच्या चार खोल्या. माझ्याकडे शिळा मासा वाढला जात नाही. हे सांगावं लागतं, कारण माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, आत्मारामाने, भरल्या पंगतीत ताट पुढे सरकवलं आणि मोठ्याने म्हटलं, "ह्यो बांगडो कालचो!"

सगळ्यांचे हात थांबले. एका गिऱ्हाइकाने तर आपल्या ताटातला बांगडा उलटा करून खालून बघितला!

मी म्हटलं, "शब्द मागे घे."

तो म्हणाला, "आधी बांगडो मागे घे."

तो उठला तो म्हापशाला गेला. तिथे त्याचं दोरखंड-जाळ्यांचं दुकान आहे. त्यानंतर किती वर्षं गेली, त्याने इकडचा उंबरा ओलांडला नाही, मी तिकडचा. मला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. तो शब्द मागे घ्यायचा, संपलं. आता कॉम्प्युटरचं सांगतो. हे दोन्ही एकात एक कसं गुंतलं ते कळेल.

* * *

आमच्या आवारात एक मांगर आहे. पूर्वी त्यात भात, गवत, नारळ असं पडलेलं असे. २००६-०७ च्या सुमारास रेडीचा आग्नेल तो भाड्याने मागायला आला. बापाला वाटत होतं पोराने आखाती देशात जावं. हा गोव्यात कॉम्प्युटर शिकून परत आला आणि म्हणाला, मी इथेच काहीतरी करणार! जोडीला शुभदा. ती लिहिणार, हा कॉम्प्युटर चालवणार. मांगर झाडून घेतला आणि दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि एक फ्रीज आणून ठेवला.

फ्रीज बघून माझं डोकं फिरलं. माझ्या स्वयंपाकघरात मी आजपर्यंत फ्रीज येऊ दिलेला नाही. फ्रीज आला की शिळं आलं! आग्नेल म्हणाला, "काका, फक्त थंडा ठेवक." मी म्हटलं, "मासा ठेवलास तर फ्रीजसकट समुद्रात!"

त्यांची एक वेबसाइट होती. रेडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्या खानावळीत आज कोणता मासा, कुठे खोली रिकामी, भरती कधी, दशावतार कुठे, सगळं त्यात. कोल्हापूर-बेळगावच्या माणसाने घरी बसून बघायचं आणि मग निघायचं. एक दिवस आग्नेल जेवताना मला समजावायला लागला.

"काका, कोणी विचारल्यान 'शिरोड्याक आज काय मासे?' की आमची पुण्याची मशीन सगळी माहिती शोधता, पान मांडता नि धाडता. एकाक ठीक. शंभर जण इले की ती दमता. म्हणान एकदा मांडलेला पान ठेवन द्यायचा. दुसऱ्याक तांच द्यायचा."

"म्हणजे शिळां!"

"शिळां नाय, काका. कॅश."

"हेच्यात पैशाचो काय संबंध?"

"संबंध नाय. त्या ठेवलेल्या पानाचा नाव कॅश."

शिळ्याला इंग्रजी नाव दिलं म्हणून ते ताजं होतं काय? तो म्हणाला, औषधाच्या बाटलीवर असते तशी याला एक्स्पायरी लावतात. इतका वेळ पान ठेवायचं, मग फेकायचं आणि नवीन मांडायचं. किती वेळ ठेवायचं ते बरोबर ठरवलं की सगळं सुरळीत.

मी म्हटलं, "मग ठरव मरे."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तांच तर कळणा नाय!"

* * *

पहिल्यांदा त्याने सगळ्याला एक दिवस लावला.

भर दुपारी कोल्हापूरची एक जीप आली. नवरा, बायको, तीन मुलं, एक आजी. बाई खाली उतरल्या त्याच "सहा सुरमई थाळी!" म्हणत.

मी म्हटलं, "सुरमई नाही. पेडवे आहेत."

"असं कसं? साइटवर सुरमई लिहिलंय. मी आज सकाळी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

"बाई, बघितलीत आज, पण दिसली ती कालची. ती सुरमई काल दुपारीच एका डॉक्टरांच्या पोटात गेली. आता तिच्या घरचे तिला न्यायला आले तरी मिळायची नाही!"

नवरा हसला. बाई हसल्या नाहीत. पेडव्यांचं जेवण मुकाट्याने जेवल्या, सोलकढी दोनदा मागून घेतली आणि जीपमध्ये बसताना मला विचारलं, "तुमच्याकडे नेहमी असं शिळंच असतं का हो?"

मला! भर आवारात! आत्मारामाने ऐकलं असतं तर म्हापशाला पेढे वाटले असते. मी हातातली पळी घेऊन तसाच मांगरात गेलो. आग्नेल पळी बघून खुर्चीसकट मागे सरकला.

"आत्ताच्या आत्ता ती एक्स्पायरी काढ! माका सगळां ताजां व्हया!"

"पण काका, एकदम शून्य केला तर..."

"शून्य!"

पोरगा पळीला घाबरला. केलं शून्य.

* * *

दिवाळीची सुट्टी आली. इकडे यायचं म्हणून सगळं कोल्हापूर, सगळं बेळगाव त्या साइटवर बसलं. ठेवलेलं पान नाही, त्यामुळे प्रत्येकासाठी पुण्याच्या मशीनने नव्याने शोधायचं, नव्याने मांडायचं. सकाळची न्याहारी होईपर्यंत तिने दम काढला. मग बसली.

तेव्हा मोबाइलची रेंज आमच्याकडे एकाच जागी मिळे, विहिरीच्या कठड्यावर उभं राहून. आग्नेल कठड्यावर चढून पुण्याशी ओरडत होता. "हॅलो! बसली! नाय हो, माणूस नाय बसलो, साइट बसली!"

आमची ही पाणी काढायला आली. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आग्नेला, बाबा, काय दुःख आसा तां खाली उतरून सांग!"

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या चारही खोल्या रिकाम्या! ज्याला काही दिसतच नाही तो येईल कशाला? मी आग्नेलला विचारलं, "काय झाला तुझ्या साइटीचा?"

तो रडवेला होऊन म्हणाला, "काका, आता सगळां एकदम ताजां आसा!"

"खंय आसा?"

"दिसणा नाय."

ताजं आहे पण दिसत नाही! मी म्हटलं, "मग देवळात नेऊन बसव आणि आरती कर!"

* * *

मग त्याने मधला रस्ता काढला. सगळ्याला अर्धा तास. मासळीला ते चाललं. अर्ध्या तासात बांगड्याची सुरमई होत नाही. पण खोल्यांचं काय?

माझी एकच खोली उरली होती. ती बेळगावच्या एका नव्या जोडप्याने फोन करून धरली. शुभदाने लगेच ते कॉम्प्युटरात भरलं. पण ठेवलेल्या पानावर अजून "एक खोली रिकामी" असंच होतं. ते पान पुण्याच्या एका प्रोफेसरांनी सावंतवाडीत बघितलं आणि फोन वगैरे न करता गाडी थेट माझ्या दारात आणून उभी केली. मागोमाग जोडपं.

प्रोफेसर म्हणाले, "आम्ही आधी बघितलं."

नवरामुलगा म्हणाला, "आम्ही आधी बोललो."

प्रोफेसरीणबाई म्हणाल्या, "आम्ही आधी पोचलो!"

मी म्हटलं, "आणि मी जन्मापासून इथे आहे, मला कोणी विचारताय काय?"

शेवटी वयाचा मान म्हणून खोली प्रोफेसरांना गेली आणि जोडप्याला मांगरात जागा दिली. कॉम्प्युटर भिंतीकडे सरकवले, खाट टाकली, हिने नवी चादर घातली. मला वाटलं, आता ही दोघं जन्मभर शिव्या देणार. सकाळी दोघं हसत बाहेर आली आणि साइटवर अभिप्राय लिहून गेली, "शिरोड्यातली सर्वोत्तम खोली. फ्रीजसुद्धा आहे!"

पुढच्या महिन्यात तिघांनी "ती फ्रीजवाली खोली" मागितली. खऱ्या खोल्यांना कोणी विचारीना!

* * *

एवढं झाल्यावर आग्नेल शहाणा झाला. प्रत्येक गोष्टीला वेगळी एक्स्पायरी हवी, हे त्याला कळलं. खोल्यांना अगदी थोडी, मासळीला अर्धा तास, नाटकांना एक दिवस. पण शहाणपण अंगात आलं की माणूस थांबत नाही. भरती-ओहोटीला त्याने लावलं एक मिनिट!

पुण्याहून फोन आला. तुमची साइट आमच्या मशीनला दिवसभर एकच प्रश्न विचारतेय, भरती बदलली काय, भरती बदलली काय!

आग्नेल म्हणाला, "पण काका, पाणी तर सारख्या बदलता ना?"

मी म्हटलं, "पाणी बदलता, वेळ बदलणा नाय. वर्षाची भरती आधीच ठरलेली आसता, छापून येता. दर्या काय खंय पळान जाता? वर्षभर ठेव नि गप बस!"

पोरगा इतका खूश झाला की विचारू नका. म्हणाला, "मगे जां जां बदलणा नाय, त्या सगळ्याक एक वर्ष!" भरती, रस्त्याचा नकाशा, समुद्राचे फोटो. आणि खानावळींची ओळखपानं. प्रत्येक खानावळीचं एक पान होतं. वर मालकाचा फोटो, खाली पत्ता आणि दोन ओळी. माझा फोटो चतुर्थीत काढलेला. मागे दाराला झेंडूचं तोरण होतं, ते फोटोत नेमकं माझ्या गळ्याभोवती आल्यासारखं दिसे.

वर त्याने आणखी एक युक्ती केली. पुण्याच्या मशीनला त्रासच नको म्हणून त्याने बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरालाच सांगून ठेवलं की हे पान तुझ्याकडे जपून ठेव आणि वर्षभर परत विचारायला येऊ नकोस!

मला विचारलं होतं त्याने. खोटं कशाला बोलू! म्हणाला, "काका, तुमच्या पानार बदलण्यासारख्या काय आसा? तुमी असेच आसतलास."

मी छाती काढून म्हटलं, "बरोबर. मी बदलत नाही."

आमची ही आतून म्हणाली, "तांच तर आमचा नशीब!"

* * *

त्यानंतरच्या कार्तिकात आमच्या भावकीतले एक काका वारले. पिकलं पान होतं, दुःख बेताचं, पण सुतक पुरतं. खानावळ बंद. सुतकात मासा नाही, पाहुणा नाही. शुभदा म्हणाली, लोक उगाच येऊन परत जातील, मी साइटवर नोटीस टाकते.

आग्नेलने विचारलं, "सुतक किती दिवस, काका?"

मी त्याला सांगितलं. जवळच्या भावकीत दहा दिवस. लांबच्या नात्यात तीन. त्याहून लांबचा गेल्याचं कानावर आलं तर डोक्यावरून आंघोळ केली की सुटलं.

आग्नेल डोळे मोठे करून ऐकत राहिला. "काका, तुमच्यात तर सगळ्या नात्यांका एक्स्पायरी लावन ठेवलेली आसा! आमच्या चर्चीत असा काय नाय. आमी आपले रडतंव तोपर्यंत रडतंव."

शुभदा तिकडून कीबोर्ड बडवत म्हणाली, "आणि भांडणाची किती दिवस असते हो, काका?"

मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

तिने काम केलं. माझ्याच पानावर, माझ्या फोटोखाली, छान शुद्ध भाषेत लिहिलं, "दुःखद निधनामुळे खानावळ बंद आहे."

आता तुम्ही बघा. वर माझा फोटो. गळ्यात झेंडूचा हार. खाली "दुःखद निधनामुळे". काय समजाल?

आग्नेलनेही आपलं काम केलं. म्हापशाला त्याच्या चुलतभावाचं सायबर कॅफे आहे. त्याला फोन करून म्हणाला, "ह्यां पान उघडून बघ, तुका नोटीस दिसता काय?" त्याला दिसली. पोरगा खूश. अकराव्या दिवशी सकाळी, आमचं शुद्ध व्हायच्या आधी, त्याने नोटीस काढून टाकली. मला मांगरात नेऊन दाखवलं, "बघा, गेली!" खरंच गेली होती. त्याच्या कॉम्प्युटरावरून.

* * *

मग फोन यायला लागले.

"हॅलो, काकूंना द्याल का?"

"काय काम?"

"काही नाही, जरा... त्यांना धीर द्यायचा होता."

"कसला धीर?"

"आपण कोण?"

"मी तिचा नवरा!"

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज.

एका माणसाने तर माझ्याकडेच माझी चौकशी केली. काय आजार होता, एकदम झालं काय. मी म्हटलं, "एकदम नाही, हळूहळू चाललंय. तुमच्यासारखे फोन आले की थोडं थोडं जातो!"

यावर कडी केली ती कोल्हापूरच्या त्या सुरमईवाल्या बाईंनी. गोव्याला निघाल्या होत्या, वाटेत मुद्दाम थांबल्या. मी आत चुलीपाशी होतो. बाई आमच्या हिच्याजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "साइटवर बघितलं आणि राहवलं नाही हो. काका तोंडाने फटकळ होते."

आमची ही म्हणाली, "होते तां खरां."

"पण मनाने चांगले होते."

हिने पदर सारखा केला.

बाई पुन्हा म्हणाल्या, "चांगले होते ना?"

ही म्हणाली, "आता काय बोलतलंय. लोकांका तसा दिसता तर आसतीत."

इतकी वर्षं संसार केला आणि हा दाखला! मी हातात तवा घेऊन तसाच बाहेर आलो. बाई किंचाळल्या. नवरा उठला तो बाकासकट उठला. मी म्हटलं, "बसा. आज सुरमई आहे."

सहा थाळ्या गेल्या. पण मांगरात जाऊन मी आग्नेलला धरलं. तो म्हणाला, "आमच्याकडसून नोटीस गेली, काका. पण त्या दहा दिवसांत ज्येनी पान बघल्यान, तेंच्या कॉम्प्युटरात ती रवली. आता ते वर्षभर आमका विचारूक येवचेच नाय!"

"मग त्यांना सांग की मी जिवंत आहे!"

"विचारूक इले तर सांगतलंय ना! येनतच नाय तर सांगू कसा?"

"वर्ष कोणी लावला?"

"तुमीच म्हटल्यात, वर्षभर ठेव नि गप बस."

"मी भरतीचं म्हटलं होतं! माझं नव्हे!"

शेवटी त्याने माझ्या पानाला नवा पत्ता दिला. जे पहिल्या पानावरून येतील त्यांना नवं पान, त्यात मी जिवंत. पण ज्यांनी जुना पत्ता जपून ठेवलाय त्यांना मी मेलेलाच. त्यांना वर्ष सरायची वाट बघण्यावाचून इलाज नाही. आग्नेल म्हणाला, "तसे कोण जास्त नसतले, काका."

* * *

शिमग्याचे दिवस होते. आमच्याकडे शिमग्यात होड्या वाळूवर ओढून ठेवतात, कोणी दर्यात जात नाही. सगळी मंडळी मांडावर, शिमगा खेळायला. दोन दिवस मासळीचं नखही आलं नव्हतं. मी दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलं, "आज मासे नाहीत." तसा माझा नेम आहे. नाही म्हणजे नाही!

दुपारी मी परसात नारळ सोलत होतो. पुढच्या अंगणातून कोणीतरी मोठ्याने रडल्यासारखं ऐकू आलं. शिमग्यात सोंगं येतात, मला वाटलं त्यातलंच एखादं असेल. कोपऱ्यावरून वाकून बघितलं.

आत्माराम! पायरीवर बसलेला. टोपी गुडघ्यावर, डोकं खांबाला टेकवलेलं. मला पाठमोरा. आमची ही दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या, आणि याच्या रडण्यात तिला बोलायला वावच नाही.

"गजा रे! माका कळवक नाय कोणी! माका त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात कळाचा होता!"

म्हापशातलं ते सायबर कॅफे, आग्नेलच्या चुलतभावाचं, ते आत्मारामाच्या दुकानासमोरच. हा आयुष्यात कधी कॉम्प्युटराजवळ गेला नव्हता. त्या दिवशी मात्र उठून गेला आणि पोराला म्हणाला, "माझ्या भावाची खानावळ दाखय रे." पोराने आपल्याकडे असलेलं पान उघडलं. हा तसाच उठला आणि मिळेल ती गाडी पकडून इकडे आला. इतक्या वर्षांत माझं नाव न घेतलेल्या माणसाने त्याच दिवशी खानावळ का बघायला मागितली, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

मी कोपऱ्यावर उभा. तो डोळे पुसत खांबाशी बोलत होता.

"गजा, तेवा पंगतीत मी जां बोललंय ना, तां..."

इतक्या वर्षांची गोष्ट, आणि आता दोन शब्द राहिले होते! अजून दोनच! मी नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. ते पडलं माडाच्या वाळक्या झापावर. कडाड्!

तो मागे वळला. मला बघितलं. वरून खाली, खालून वर. मग उठून उभा राहिला आणि केवढ्याने ओरडला, "मेल्या! तू जितो आसस!"

"आसंय."

"मगे तां कॉम्प्युटरार काय लिवल्यात?"

"ती नोटीस कार्तिकातली. म्हापशासून इतक्या लांब रडत इलंस, नि बातमी हाडलंस ती शिळी!"

त्याने खाली पडलेली टोपी उचलली. मी मात्र सोडणारा नव्हे. म्हटलं, "तू काय तरी बोली होतंस. 'तेवा पंगतीत मी जां बोललंय तां.' फुडे?"

"फुडे काय नाय."

"फुडे बोल!"

"तू मेलंस म्हणान बोली होतंय. जित्याक कित्याक सांगू?"

आणि टोपी डोक्यावर ठेवून निघाला! आमची ही मध्ये पडली. "भावोजी, बसा. उन्हातसून इलास, जेवल्याशिवाय जावचा नाय."

मी म्हटलं, "आज मासे नाहीत. फळ्यावर लिहिलंय."

"तुमी पानां मांडा," ती म्हणाली, आणि मांगराच्या बाजूला गेली. आग्नेल-शुभदा शिमग्याला आपापल्या गावी होते, मांगरात कोणी नव्हतं. मला आतून फ्रीजचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. मग ती पदराखाली काहीतरी धरून, माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तवा चुरचुरला.

आत्माराम पानावर बसला. तिने वाढलं. त्याने भाताला हात लावायच्या आधी बांगडा उचलला, वास घेतला, तोंडात घातला. मी समोर उभा. त्याने पहिला संपवला, काटा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आणखी एक वाढ गो."

दुसराही गेला. मग पाणी पिऊन त्याने हिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताजो आसा!"

मी हिच्याकडे बघितलं. हिने कोकमाच्या बरणीकडे बघितलं. दारातून समोर वाळूवर ओढलेल्या होड्या दिसत होत्या.

मी सोलकढीची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

तेव्हापासून तो दर महिन्याला येतो. पोटभर जेवतो, दोन बांगडे खातो, आणि ते अर्धं राहिलेलं वाक्य काही पुढे नेत नाही. ताजा म्हणणं वेगळं, शब्द मागे घेणं वेगळं. शुभदा, हे असंच छाप, शाईत हात आखडू नकोस. ज्याने माझी माफी मागायची अजून राहिली आहे तो माणूस: आत्माराम गणपत केळुसकर, दोरखंडवाले, म्हापसा.